लेबल सुटलेली बाटली

मोताळ्यात बीअर शॉपीच्या खिडकीशी उभं राहिलं की आधी दोन प्रश्न येतात. "थंडी पाहिजे का साधी?" आणि "स्ट्राँग का माईल्ड?" कोणती, हे गिऱ्हाईक बहुधा आपणहून सांगून टाकतं. मागच्या मे महिन्यात पुतण्याबरोबर त्या खिडकीपाशी गेलो होतो. 'बरोबर' म्हणजे तो खिडकीशी आणि मी चार पावलं मागे, मोबाईलमध्ये डोकं घालून. काका-पुतण्यांनी तिथे खांद्याला खांदा लावून उभं राहणं आमच्याकडे अजून बसत नाही. तर तिथून त्याने मान वळवून विचारलं, "काका, तुमचा ब्रँड कोणता?"

साधा प्रश्न. पण मी अडखळलो. पस्तीसेक वर्षांत पुष्कळ बाटल्या पाहिल्या. मुंबईच्या मित्रांची लंडन पिल्सनर, सगळीकडे मिळणारी किंगफिशर, नोकरीतल्या पहिल्या बढतीला साहेबांनी पाजलेली कल्याणी ब्लॅक लेबल. या सगळ्यांची नावं मला येतात. पण मला आयुष्यात सगळ्यात आवडलेल्या बीअरचं नाव मला माहीत नाही, आणि ते खिडकीतल्या माणसाला सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. "तुला आवडेल ती घे," एवढंच म्हणालो.

ती बीअर 1991 च्या उन्हाळ्यातली.

घाटाखालचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला तो सांगून कळत नाही. बुलढाणा घाटावर आहे, राजूर घाट चढून गेलं की हवेत फरक पडतो. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं उगाच तिथे नेलं नव्हतं. आम्ही घाटाखालचे. एप्रिल संपता संपता पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि विहिरी तळाला जातात. आमची विहीर सात परस होती आणि फेब्रुवारीतच उपसा धरेनाशी झाली होती. वडील आणि मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले चुलते, यांनी ती खोल करायची ठरवली. विहीर खोदणारी टोळी आली, काठावर यारी उभी राहिली, आणि दीड महिना आमचं शेत म्हणजे सुरुंगांचा आवाज आणि दगडाची भुकटी. मुरूम केव्हाच संपला होता, खाली नुसता काळा पाषाण. दिवसभर छिद्रं पाडायची, संध्याकाळी बार उडवायचा, सकाळी दगड वर ओढायचे. नववा परस लागला तरी तळ कोरडाच. मोठेबाबा काठावर बसून तोंडाने हरिपाठ म्हणायचे आणि मनात कर्जाचा हिशेब करायचे. हे माझं अनुमान. पण हरिपाठ मध्येच थांबायचा.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, पदवी पदरात आणि नोकरी नाही अशा अवस्थेत. दगड मोजायचं आणि टोळीला चहा पोचवायचं काम माझ्याकडे.

पाणी लागलं ते एका सकाळी. रात्रीच्या बाराने तळाच्या पूर्वेच्या अंगाला एक फट उघडली होती आणि तिच्यातून मनगटाएवढी धार येत होती. मोठेबाबा त्या वयात यारीच्या पाटीत बसून खाली गेले. त्यांनी नारळ फोडला, ओंजळीत पाणी धरून प्यायले, आणि वर आमच्याकडे बघून काही बोलले. विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळे काय बोलले ते कोणालाच कळलं नाही. त्यांनी नंतरही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेतातच रोडग्यांची पंगत ठरली. रोडगे, वरण, वांग्याची भाजी; मारुतीला नैवेद्य आणि मग टोळीला जेवण. पाणी लागलं की मालकाने टोळीला खूश करायचं, ही रीत. पण आमच्या मुकादमाने उलटंच केलं. आदल्या संध्याकाळी तो एसटीने मलकापूरला गेला आणि पोत्यात, कडब्यात गुंडाळून, बीअरच्या सहा बाटल्या घेऊन आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मालक माळकरी हायेत, त्याहिले काय देता? हे तुमच्यासाठी, पोरांसाठी. दीड महिना चहा पाजला तुमी." गावात तेव्हा फ्रीज मोजके, आणि ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडे बीअरच्या बाटल्या घेऊन जाण्याची सोय नव्हती. मुकादमाने सहाही बाटल्या बादलीत उभ्या केल्या, बादलीला दोर बांधला आणि रात्रभरासाठी त्याच नव्या पाण्यात सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. मोठेबाबांनी पान खाल्लं, धोतर झटकलं आणि भर दुपारी, उन्हाचं निमित्त करून, ते गावात निघून गेले. ऊन टाळायला माणूस निंबाखाली आडवा होतो, उन्हातून दोन मैल चालत जात नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

बादली वर ओढली तेव्हा तिच्यात कागदाचा लगदा तरंगत होता. सगळी लेबलं सुटली होती. सहा तपकिरी बाटल्या, एकसारख्या, बिननावाच्या. मुकादमाने पहारीच्या कडेवर झाकणं उडवली आणि आम्ही पितळी पेल्यांतून प्यायलो. पहिला घोट कडू लागला. दुसरा लागला तो फक्त थंड. अंगावर सदरा चिकटलेला, पायाखाली तापलेली दगडाची चूर, आणि घशातून खाली जाणारी ती गारवा धरलेली कडवट रेघ. मुकादमाने स्वतः दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "हे त पानीच हाय भाऊ." त्याची माणसं आधीच आपल्या नेहमीच्या ठिकाणी निघून गेली होती. त्यांच्या दिवसाच्या कष्टाला पुरेल असं बीअरमध्ये काही नव्हतं.

पुढे हा गारवा काय होता ते मी हिशेबाने काढलं, आणि हसू आलं. विहिरीच्या खोल पाण्याचं तापमान साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाइतकं असतं. आमच्याकडे ते सव्वीस-सत्तावीस अंशांच्या घरात भरेल. आज कोणत्याही बारमध्ये सव्वीस अंशांची बीअर समोर ठेवली तर गिऱ्हाईक वेटरला बोलावून परत पाठवील, आणि तेही बरोबरच. म्हणजे आयुष्यातली सगळ्यात थंड बीअर म्हणून मी जी मनात जपली आहे, ती मुळात थंड नव्हतीच. बाहेर पंचेचाळीस होते, एवढाच तिचा गारवा.

लेबलाचंही कारण नंतर कळलं. बीअरची बाटली एकदाच वापरायची नसते. ती भंगारवाल्यामार्फत कारखान्यात परत जाते, धुतली जाते, पुन्हा भरली जाते. धुताना कागद निघाला पाहिजे म्हणून गोंदही पाण्यात सुटणारा. आमच्या सहा बाटल्यांपैकी पाच तशा गेल्याही असतील. सहावी आईने ठेवून घेतली.

आईने त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. तिचा सख्खा भाऊ दारूने गेलेला. तिच्या लेखी देशी, विदेशी आणि बीअर यांत फरक नव्हता. तिने ती बाटली राखेने घासली, उन्हात वाळवली, तिला चिंधीचं बूच केलं आणि तिच्यात रेशनचं रॉकेल भरून चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवली. त्या काळी घरोघरी अशा बाटल्या असत, कोणाकडे रॉकेलाच्या, कोणाकडे फिनेलच्या, त्यात नवल नाही. पण माझी जेवणाची जागा त्या कोनाड्यासमोर होती. पुढची कितीतरी वर्षं मी घरी जेवायला बसलो की ती बाटली समोर. कोणी काही बोलायची गरजच नव्हती.

नोकरी लागली ती वाळूजला. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. त्या औद्योगिक पट्ट्यात बीअरचे कारखाने आहेत, आणि वारा फिरला की रस्त्यावर शिजलेल्या जवाचा, गोडसर, ओल्या भाकरीसारखा वास येतो. मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात कालवतात, त्यातली साखर उतरली की गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात, निववून यीस्ट घालतात. आपल्याकडे त्यात मका किंवा तांदूळही पडतो. हे ऐकून मी उगाच सुखावलो होतो, कारण घाटाखाली मका भरपूर. पण आमचा मका बहुतेक कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चला जातो, हे जाणकाराने लगेच सांगितलं. असो.

मला त्यातली अवघड पायरी निववण्याची वाटली. बाटलीतली पिवळी, स्वच्छ बीअर, जिला लागर म्हणतात, तिचं यीस्ट दहा-बारा अंशांत काम करतं आणि पुढे त्याहून थंडीत मुरतं. म्हणजे आपल्या मैदानी मुलखात, यंत्र नसताना, ती होणंच शक्य नव्हतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना हिंदुस्थानात बीअर करायची झाली तेव्हा त्यांना कसौलीसारखं हिमालयातलं ठिकाण गाठावं लागलं. नाहीतर विलायतेहून जहाजाने पिंपं मागवायची. बीअरलाही घाट चढावा लागला, आमच्या कलेक्टरासारखा. आणि गंमत अशी, की थंडी तयार करणारं यंत्र कामाला जुंपलं ते आधी बीअरसाठीच. 1870 च्या दशकात कार्ल लिंडे या जर्मन अभियंत्याने आपलं शीतयंत्र उभं केलं ते म्युनिकच्या एका बीअर कारखान्याच्या आधाराने. मोताळ्यातल्या स्वयंपाकघरात आज दूध नासत नाही, त्याच्या मागे कुठेतरी म्युनिकच्या बीअरवाल्याची उन्हाळ्यातली काळजी आहे.

म्युनिक मी पाहिलं. 2004 साली एका यंत्राच्या प्रशिक्षणासाठी कंपनीने दोन महिने बव्हेरियात पाठवलं होतं. तिथल्या सहकाऱ्याने एका शनिवारी सांगितलं, बीअर गार्डनला जाऊ, जेवण घरून आण. मला वाटलं त्याची काही गफलत होते आहे. हॉटेलात घरचा डबा? मग त्याने गोष्ट सांगितली. बव्हेरियात 1539 सालापासून उन्हाळ्यात बीअर करायला बंदी होती, कारण उष्णतेने ती बिघडे आणि भट्ट्यांमुळे आगी लागत. एप्रिलच्या 23 तारखेला भट्ट्या थांबायच्या त्या 29 सप्टेंबरला पेटायच्या. मधल्या महिन्यांची बीअर आधीच करून तळघरांत साठवायची. तळघरं गार राहावीत म्हणून वर दाट सावलीची चेस्टनटची झाडं लावली. झाडं वाढली, सावली पडली, आणि लोक सरळ तिथेच येऊन पिऊ लागले. शहरातले खानावळवाले चिडले. शेवटी 1812 साली राजाने तोड काढली: कारखानदारांनी आपल्या तळघरावर बीअर विकावी, पण जेवण विकू नये. लोक जेवण घरून आणू लागले, आणि ती मुभा आजही आहे.

मी माझ्या खोलीवर, हॉट प्लेटवर, जमेल तशा दशम्या केल्या. मिरचीचा ठेचा घरून डबीत आणलेला होताच. चेस्टनटच्या सावलीत, लिटरभराचा काचेचा मग दोन्ही हातांनी उचलत, मी दशमी-ठेचा खाल्ला. माझ्या त्या सहकाऱ्याने ठेचा ब्रेडवर जॅमसारखा लावला आणि पुढची दहा मिनिटं तो बोलला नाही. त्या दिवशीची बीअर कोणती, तेही मला ठाऊक आहे. नाव लिहून आणलं होतं, पुढे एका मोठ्या शहरात तीच बाटली भरपूर पैसे देऊन विकत घेतली. चांगली होती. पण झाडाखालची आठवत राहिली, बाटलीतली राहिली नाही. आपण झाडाखाली बसलो तो गारवा मुळात माणसांसाठी नव्हता, खाली निजलेल्या पिंपांसाठी होता, हे मला तिथे बसल्या बसल्या फार आवडलं. मला मुकादमाची बादली आठवली.

नंतर एक बीअर अशी आली की जी आठवते पण आवडली म्हणता येत नाही. 2016 चा एप्रिल. जायकवाडी मृतसाठ्यावर. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी निघालं. पहिली गाडी 12 एप्रिलला पोचली, 10 वॅगन, सुमारे 5 लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने उद्योगांचं पाणी कापायचा आदेश दिला, आणि मद्य व बीअरच्या कारखान्यांची कपात टप्प्याटप्प्याने 60 टक्क्यांपर्यंत नेली. एक लिटर बीअर करायला तीन-चार लिटर तरी पाणी लागतं, हे तेव्हा वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ झालं होतं. त्या आठवड्यात एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता. टेबलावर बाटल्या आल्या, बर्फाच्या घमेल्यात. कोणी काही बोललं नाही, सगळे प्यायलो. बीअर उत्तम थंड होती. घरून सकाळीच फोन आला होता की विहीर आटली. ती 1991 मध्ये नऊ परसांवर नेलेली विहीर, जिच्या भोवती आता शेजाऱ्यांच्या पाच बोअर झाल्या होत्या. मनगटाएवढी धार कुठे गेली हे विचारायला जागा नव्हती. एक बोअर आमचीही होती. आता वैनगंगेचं पाणी गोसीखुर्दपासून 426 किलोमीटरच्या कालव्याने आमच्या नळगंगेत आणायची योजना आहे. येईल तेव्हा येईल.

मोताळ्यात या विषयावर मोकळेपणाने लिहिणंही थोडं अवघड आहे, ते इथेच सांगून टाकतो. पुण्या-मुंबईत बीअर हा चवीचा विषय असतो. 2009 नंतर पुण्यात स्वतःची बीअर गाळणारी ठिकाणं निघाली, तिथे भाचा घेऊन गेला होता तेव्हा संत्र्याची साल घातलेली, गव्हाची, कॉफीच्या रंगाची अशा सहा छोट्या पेल्यांचा पाट समोर आला. छान होतं सगळं. पण आमच्याकडे बाटली खिडकीतून बाहेर येते ती वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत. स्ट्राँगच जास्त खपते. माईल्डमध्ये अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आत, स्ट्राँगमध्ये आठपर्यंत. किमतीत फरक थोडाच. दिवसभर वखर मारलेला किंवा हमाली केलेला माणूस तोच हिशेब करतो जो मुकादमाने केला होता. माईल्ड मागणाऱ्याकडे दुकानदार जरा बघतो.

आणि या पिशवीची दुसरी बाजू घरात असते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी मत दिलं तर गावातलं दुकान बंद होतं, हा आपल्या राज्यातला 2008 चा नियम. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. आमच्या वहिनी, म्हणजे या पुतण्याच्या आई, स्पष्ट म्हणतात की संधी आली तर शिक्का आडवीवर. दीर काय पितो आणि पोरगा काय पितो हे त्यांना नीट माहीत असूनही. मला त्यांच्याशी वाद घालायला तोंड नाही, आणि खरं सांगायचं तर कारणही नाही. 2017 च्या 1 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांलगतची दुकानं बंद झाली, तेव्हा रस्त्याला चिकटून वसलेल्या गावांत फुटपट्ट्या निघाल्या. पाचशे मीटर, लहान गावाला दोनशेवीस, आणि मग त्यातून वळसे घालणाऱ्या वाटा. तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "मोजमाप दुकानाचं कायले करता? घरापासून करा."

तर मागच्या मे महिन्यातली ती संध्याकाळ. आम्ही गच्चीवर बसलो. खाली टेम्पोतून मक्याची पोती उतरत होती, दूर घाटाच्या अंगाला वणव्याची एक बारीक नागमोडी रेघ दिसत होती. भाजलेले शेंगदाणे, कांदा, लिंबू. पुतण्याच्या बाटलीला दरदरून घाम फुटला होता आणि तो अंगठ्याने लेबल खरवडत होता, सवयीने. मी त्याला विहिरीची गोष्ट सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली आणि मग म्हणाला, "म्हणजे ती रॉकेलची बाटली? आजीची? ती अजून हाय की माळ्यावर."

आई जाऊन सहा वर्षं झाली. रेशनवरचं रॉकेलही त्याआधीच गेलं. मी धरून चाललो होतो की बाटलीही गेली. तो खाली जाऊन घेऊन आला. चिंधीचं बूच तसंच, काळं कुळकुळीत. आत काही नव्हतं, पण वास होता. "बुडाला काहीतरी कोरलेलं हाय," तो म्हणाला, आणि मोबाईलचा दिवा लावून बाटली उलटी धरली. काचेत उठवलेली दोन अक्षरं आणि एक आकडा. मी म्हणालो, ती काच करणाऱ्या कारखान्याची खूण असते, बीअरची नव्हे. एकच बाटली दहा ठिकाणी भरली जाते. त्याला पटलं नाही. त्याने फोटो काढला, मोठा केला, इंटरनेटवर शोधायला लागला, एका मित्राला पाठवला, त्या मित्राने आणखी कोणाला तरी. पाऊण तास हे चाललं. मी दोन-तीनदा म्हणालो, राहू दे. तो म्हणाला, "थांबा न काका, सापडंल."

सापडलं नाही. तोवर माझ्या पेल्यातला बर्फासारखा गारवा गेला होता आणि बीअर बरोबर विहिरीच्या पाण्याएवढी झाली होती. पुतण्या म्हणाला, "फेकून द्या ती, दुसरी उघडतो." मी पेला त्याच्या हातून काढून घेतला.